विहीर, बँक आणि प्रार्थना

ख्रिस्ती धर्मगुरूने मासिक चालवावं, त्यात बायबलवर लिहावं, सणावारांचा अर्थ सांगावा, यात नवल नाही. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकांनी मात्र 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात विहिरींचा विषय काढला. केळीच्या वाड्यांवर येऊ घातलेले बंगले आणि इमारती, टँकरने उपसलं जाणारं पाणी, जमिनीसाठी शेतकऱ्यांवर येणारा दबाव हे सगळं त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात येऊ लागलं. हे फादरांचं काम आहे का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

ते संपादक म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म 1942 चा, गाव वसई तालुक्यातलं नंदाखाल. 1972 मध्ये ते धर्मगुरू झाले आणि 1983 पासून त्यांनी 'सुवार्ता'ची धुरा सांभाळली. पुढे त्यांचं 'सुबोध बायबल' आलं, त्यातल्या नव्या कराराला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते असं, साहित्यिक म्हणून. वसईने त्यांना ओळखलं ते 'हरित वसई'च्या लढ्यासाठी.

वसईची पश्चिम बाजू पाहिली नसेल तर तो लढा नीट कळणार नाही. स्टेशनच्या पश्चिमेला समुद्राकडे निघालं की पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल अशी गावं एकापुढे एक लागतात. प्रत्येक गावात जुनं चर्च, आसपास वाड्या. वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेली, भाजी आणि फुलं एकाच तुकड्यात पिकवणारी शेती. मधोमध विहीर. पूर्वी तिच्यावर रहाट चालायचा, नंतर विजेचा पंप आला. पंप सुरू झाला की पाटाने पाणी केळीच्या बुंध्यांशी जातं, आणि वाडीवाला खोऱ्याने एकेका वाफ्याचं तोंड उघडत, बंद करत पुढे सरकतो. इथल्या विहिरींना गोडं पाणी असतं हे समुद्र इतका जवळ असताना आश्चर्यच. पावसाचं मुरलेलं हलकं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून ते मिळतं. प्रमाणात उपसलं तर पुढच्या पावसात भरून निघतं. रात्रंदिवस पंप लावून टँकर भरले तर गोडा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर खारावली की केळीची पानं कडेने करपतात, पानवेल तर टिकतच नाही.

मुंबई जवळ, म्हणून हे संकट. विरारहून मुंबईला पहिली लोकल 12 एप्रिल 1867 ला धावली, 1936 मध्ये ही वाट विजेवर आली. तरी शंभरेक वर्षं वसई मुंबईला भाजी, फुलं, केळी पुरवणारा तालुकाच राहिली. 1982 च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची कुटुंबं खोली विकून उत्तरेकडे सरकू लागली, उत्तर भारतातून येणाऱ्यांना मुंबईत भाडं परवडेना, आणि नालासोपारा-विरारचा भाव वधारला. त्याच सुमारास सरकारने वसईच्या हरित पट्ट्यावरचे निर्बंध सैल केले. पुढचं सगळं वेगाने घडलं. बिल्डर आले, दलाल आले, मागोमाग गुंडही आले. ऑक्टोबर 1989 मध्ये नालासोपारा स्थानकातच एका बिल्डरचा खून झाला. अशा वातावरणात जमीन वाचवा म्हणून उघडपणे बोलायला छाती लागत होती.

दिब्रिटो बोलले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्यात ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते, समाजवादी कार्यकर्ते होते, वाडीवाले होते आणि लोकलने फोर्टात जाणारे नोकरदारही होते. मोर्चे निघाले, सभा झाल्या, धमक्याही आल्या. पुढे वसई-विरारसाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, तेव्हा लढा कागदावरही लढावा लागला. आराखडे वाचणं, हरकती लिहिणं, सुनावणीला हजर राहणं हे सगळं लोक शिकले. ती सवय मोडली नाही. 2016 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा नवा प्रारूप आराखडा जाहीर झाला, तेव्हा एकट्या वसईतून हजारो हरकती गेल्या.

हा लढा पूर्ण जिंकला गेला असं कुणी म्हणणार नाही. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारतींची रांग लागली आहे, आणि त्या इमारतींसाठी जमीन विकणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरीही होते हे लपवून चालणार नाही. तरीही पश्चिम पट्ट्यात आज जी वाडी उरली आहे, ती या लढ्याशिवाय उरली नसती.

मिशनरी म्हटलं की मराठी वाचकाला पहिल्यांदा धर्मांतर आठवतं. वसईत तर ते आठवणं साहजिकच आहे. 1534 पासून 1739 पर्यंत इथे पोर्तुगिजांचं राज्य होतं, इथला ख्रिस्ती समाज त्या काळात तयार झाला, आणि तो सगळा राजीखुशीने झाला असं इतिहास सांगत नाही. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती इथेच राहिले. सामवेदी, वाडवळी, कोळी अशा आपापल्या बोली बोलत राहिले, लग्नातली गाणी, पेहराव, शेती टिकवून राहिले. आज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होते ती मराठीत. म्हणून वसईत मिशन या गोष्टीचा विचार करायचा तर तो जुन्या अर्थाने करून भागत नाही. समोरच्याला आपल्यात ओढणं हे मिशन, की समोरच्याच्या दारात त्याचा शेजारी म्हणून उभं राहणं हे मिशन?

हा प्रश्न गेल्या शतकात जगभरच्या चर्चला पडला, आणि त्याचा एक मोठा धागा भारतातून जातो. लेस्ली न्यूबिगिन हे स्कॉटलंडच्या चर्चकडून 1936 मध्ये मद्रासकडे आले. तमिळ शिकले, कांचीपुरमला राहिले. 1947 मध्ये दक्षिण भारतातली वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झालं, तेव्हा ते मदुराईकडच्या धर्मप्रांताचे बिशप झाले. 1974 मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, आणि तिथे त्यांना धक्का बसला. ज्या देशाने मिशनरी पाठवले, त्याच देशात चर्च ओस पडत होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. विरोधाची त्यांना सवय होती, या थंडपणाची नव्हती. वयाच्या सत्तरीत त्यांनी बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीतलं, तुरुंगासमोरचं, बंद पडू घातलेलं एक छोटं चर्च चालवायला घेतलं. ते घरोघर जात. आशियातून आलेल्या कुटुंबांत त्यांचं आगतस्वागत होई, गोऱ्यांच्या दारातून अनेकदा परत फिरावं लागे.

या अनुभवातून न्यूबिगिन यांनी जे मांडलं ते आज जगभरच्या ख्रिस्ती विचारात रुजलं आहे. मिशन म्हणजे दूरदेशी माणूस पाठवणं नव्हे. ते काम देवाचं आहे, ते आधीच चालू आहे, चर्चने त्यात हात लावायचा. आणि लोकांना येशूची गोष्ट पटायची असेल तर ती पुस्तकातून पटणार नाही, ती गोष्ट जगून दाखवणारा एक समूह त्यांना आपल्या गल्लीत दिसला पाहिजे. हीच दिशा 1952 मध्ये जर्मनीतल्या विलिंगेन इथल्या परिषदेत घेतली गेली होती. कॅथॉलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1965 मध्ये, आपल्या भाषेत तेच म्हटलं: चर्च स्वभावतःच पाठवलेलं आहे, आणि पाठवलेले म्हणजे फक्त फादर-सिस्टर नव्हेत, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये चर्चने दारं उघडून बाहेर पडावं असा आग्रह धरला, आणि 2015 मध्ये 'लाउदातो सी' या पत्रात पृथ्वी, पाणी आणि गरीब यांचा प्रश्न एकच आहे असं मांडलं. वसईच्या वाडीवाल्यांना हे पत्र वाचून नवं काही कळलं नसेल. ते तोवर पंचवीस वर्षं त्याच प्रश्नाशी झुंजत होते.

उपनगरात हा विचार जगणं का अवघड जातं? याचं उत्तर धर्मशास्त्रात कमी आणि लोकलच्या वेळापत्रकात जास्त आहे. पहाटे पाचला उठून डबा करायचा, विरार गाडी पकडायची, रात्री नऊला दार उघडायचं. माणूस इमारतीतल्या शेजाऱ्यापेक्षा डब्यातल्या ग्रुपला जास्त ओळखतो. लोकलच्या डब्यात टाळ वाजवत भजनं चालतात, वाढदिवसाचा केक कापला जातो, कुणाच्या आजारपणाला पैसे जमतात. तेच लोक घरी पोचले की कडी लावून घेतात. त्यात चुकीचं काही नाही, अंगात त्राणच उरत नाही. रविवार उरतो, आणि त्यातला एक तास मिस्साला जातो. मग चर्चही त्या एका तासाचं होऊन बसतं. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, लग्नाच्या तारखा, सणाची रोषणाई, गाड्या लावायला जागा, एवढेच विषय उरतात. उपनगरातल्या चर्चला नास्तिकांची भीती नसते, अशा सुखवस्तू दमलेपणाची असते.

म्हणून या भागात ज्या गोष्टी खरोखर टिकल्या, त्या माणसांच्या रोजच्या व्यवहारात शिरलेल्या आहेत. बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. 1918 मध्ये मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ती सुरू झाली. देशात सहकाराचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. वाडीवाल्याला बियाण्याला, विहिरीला, लग्नाला पैसा लागायचा आणि सावकाराकडे गेलं की जमीन गहाण पडायची. धर्मगुरूने प्रवचनात सावकाराला दोष देऊन थांबायचं, की हिशेबाची वही उघडायची? मोनीस यांनी वही उघडली. ती संस्था शंभरी ओलांडून आजही पापडीतून चालते आणि तिच्या खिडकीवर उभं राहायला कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. सांडोरचं कार्डिनल ग्रेशस मेमोरियल हॉस्पिटल हेही असंच. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचं नाव त्याला आहे, आणि तिथे येणाऱ्या रुग्णांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

याहून लहान, आणि म्हणूनच कमी दिसणारं एक काम आहे. ते करणाऱ्यांना धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, 'एसव्हीपी' म्हणतात, पूर्ण नाव सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. तिचा जन्म 1833 चा, पॅरिसचा. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी ख्रिस्ती धर्माची बाजू वादसभेत मांडत असे. समोरच्यांनी त्याला विचारलं, पूर्वी तुमच्या धर्माने पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो आणि त्याचे मित्र आपल्याकडचं जळण उचलून एका गरीब घरी पोचते झाले. वाद तिथे थांबला आणि संस्था तिथे सुरू झाली.

आज मुंबई-वसईच्या कितीतरी धर्मग्रामांत या संस्थेची बैठक भरते. कुठल्याही एका बैठकीला बसावं. चर्चच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या दहाबारा खुर्च्या, एक प्रार्थना, मग मागच्या आठवड्यात कोण कुणाकडे गेलं त्याचा हिशेब. भेटीला नेहमी दोघांनी जायचं, एकट्याने नाही. कुणा घरात डायलिसिस चालू आहे, कुणाची शाळेची फी थकली आहे, कुणाला महिन्याचा शिधा लागतो. एखाद्या म्हातारीला पैशापेक्षा कुणीतरी अर्धा तास बसायला हवं असतं, तेही नोंदलं जातं. बैठक संपताना कापडाची पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ आत घालतो आणि मोकळी करून बाहेर काढतो, कुणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे टाकायला काही नसतं, त्याचीही मूठ तशीच आत जाते. मदत घेणाऱ्यांची नावं वेदीवरून वाचली जात नाहीत, त्यांचे फोटो लागत नाहीत. महाराष्ट्रात मदतीबरोबर बॅनर लावायची जी खोड सगळ्यांना लागली आहे, तिच्यावर याहून चांगला उतारा शोधून सापडणार नाही.

भाषेचाही इथे वाटा आहे. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे भुईगावचे, आणि त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता तुकारामांचा ईश्वरानुभव. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती परंपरा ओवीशी नातं सांगत आली आहे. डाबरे यांच्यासारखा माणूस बिशपच्या आसनावर बसतो तेव्हा ते नातं अभ्यासापुरतं राहत नाही. शेजाऱ्याचा देव कसा बोलतो हे ऐकून घेतल्याशिवाय त्याला आपलं काही सांगायला जाऊ नये, एवढं तरी त्यातून घ्यावं. निर्मळला कार्तिकात शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा भरते. त्याच गावात चर्च आहे, यात्रेच्या बाजारात ख्रिस्ती घरांत वाळवलेली सुकेळी विकली जातात आणि घेणारे सगळ्या जातिधर्मांचे असतात. हे सौहार्द कुणी ठराव करून आणलेलं नाही. चार शतकं एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहिल्याचं ते फळ आहे.

नेमकं तेच नव्या उपनगराकडे नाही. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत राहणारं कुटुंब दोन वर्षांत तीन खोल्या बदलतं. त्याच्या शेजारी आज बिहारचा सुतार आहे, उद्या कोकणातला रिक्षावाला येईल. तिथे चार शतकांचा बांध कुठून आणणार? उन्हाळ्यात त्याच चाळीत 10 हजार लिटरचा टँकर येतो, आणि ते पाणी कुठल्या तरी गावाच्या विहिरीतून उपसलेलं असतं. म्हणजे पश्चिमेचा वाडीवाला आणि पूर्वेचा भाडेकरू एकाच पाण्यावर जगतात आणि एकमेकांना शत्रू समजतात. हरित वसईच्या लढ्यातला हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो पुरा सुटलेला नाही. आपली वाडी वाचवणं न्याय्यच होतं. पण शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने जी गोष्ट सांगून उत्तर दिलं, तिच्यातला मदत करणारा माणूस परका होता, नकोशा समाजातला होता. पश्चिमेच्या चर्चने पूर्वेच्या चाळीला शेजार मानलं नाही, तर वाडी वाचेल आणि गोष्ट हातची जाईल.

बायबलमध्ये यिर्मया संदेष्ट्याचं एक पत्र आहे. बाबिलोनला हाकलून नेलेल्या ज्यूंना तो लिहितो की घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात येऊन पडलात त्याचं भलं मागा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. परक्या, न आवडणाऱ्या शहराबद्दल हा सल्ला होता. उपनगरातल्या ख्रिस्ती माणसाला याहून जवळचं पान क्वचितच मिळेल.

फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. त्यांच्या नावाने सभा झाल्या, लेख आले, ते व्हायलाच हवं होतं. पण त्यांचं स्मरण करायचं तर वसईच्या धर्मग्रामांनी दोन साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. चर्च, शाळा आणि सभागृहांच्या छपरांवर पडणारं पावसाचं पाणी गावच्या विहिरींकडे वळवावं, आणि एसव्हीपीच्या भेटींची यादी रेल्वे ओलांडून पूर्वेच्या चाळींपर्यंत न्यावी, दार कुठल्या धर्माचं आहे ते न विचारता. दोन्हींना लागणारी माणसं, जागा आणि पैसा या धर्मप्रांताकडे आहे. येत्या पावसाळ्याआधी हे सुरू होऊ शकतं.